४० मीटरवर ट्रिप, २० मीटरवर ठीक: ५ वॅटचा रेडिओ आणि बाहेरचा ॲम्प्लिफायर

कमी शक्तीच्या रेडिओला बाहेरून ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या बहुतेक हॅमना (हौशी रेडिओचालकांना) एक तक्रार कधी ना कधी भेटतेच. नुसता रेडिओ उत्तम चालतो, ॲम्प्लिफायरही वेगळा तपासला तर ठणठणीत असतो, आणि दोघांना एकत्र जोडले की बोलता बोलता लाल दिवा लागून ॲम्प स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, म्हणजे ट्रिप होतो. वीज काढून पुन्हा दिली की तो चार वाक्ये चालतो आणि पुन्हा पडतो. माझ्याकडे ही तक्रार सुमारे दीड महिना चालली. तीन वेळा ती गेली असे मला वाटले आणि तिन्ही वेळा ती परत आली. म्हणून शोध ज्या क्रमाने झाला त्याच क्रमाने, चुकलेल्या वळणांसह, येथे लिहीत आहे. ती वळणे इतरांचीही चुकण्याजोगी आहेत.

जोडणी अशी होती. रेडिओ याएसू एफटी-८१७, शक्ती ५ वॅट. ॲम्प्लिफायर किटमधून मी स्वतः जुळवलेला, ५ वॅट आत घेऊन सुमारे ५० वॅट बाहेर देणारा, रेडिओकडून बँडची माहिती घेऊन आपला लो-पास फिल्टर (बँडच्या वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) आपोआप निवडणारा. दोघांच्या मध्ये अर्ध्या मीटरची कोॲक्स केबल (मध्ये तार, भोवती जाळी) आणि रेडिओच्या मागच्या आठ पिनांच्या मिनी-डिन सॉकेटमधून निघणारी नियंत्रण केबल. तिच्यात पीटीटी (बोलण्याचे बटण दाबल्याचा इशारा), बँडचा व्होल्टेज आणि ग्राउंड अशा तीन वायरी. वीज दोघांनाही एकाच १३.८ व्होल्टच्या सप्लायमधून, पण स्वतंत्र वायरींनी.

लक्षण असे की ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ४० मीटर तरंगलांबीच्या बँडवर, हळू बोलले तर काही होत नसे. आवाज चढला किंवा ‘सीक्यू’ची (कोणीही उत्तर द्या, अशी) लांबलचक हाक दिली की आतून ‘टक-टक’ असा रिलेचा आवाज येई आणि ॲम्प ट्रिप होई. २० मीटरवर मात्र घसा फोडून बोलले तरी काही बिघडत नसे. साहजिकच संशय ४० मीटरच्या अँटेनावर गेला आणि दोन रविवार मी गच्चीवर वायर कमी-जास्त करण्यात घालवले.

पहिली फाळणी: डमी लोड

ते दोन रविवार वाचले असते, कारण अँटेना दोषी आहे की नाही हे ठरवायला पाच मिनिटे पुरतात. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा, किमान १०० वॅटचा डमी लोड (शक्तीची उष्णता करणारा रेझिस्टर) लावावा आणि त्याच बँडवर, त्याच आवाजात बोलून पाहावे. दोष नाहीसा झाला तर तो अँटेना, तिची केबल किंवा केबलच्या बाहेरून परत येणारा आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा करंट) यांपैकी कशात तरी आहे. त्याविषयी शेवटी लिहिले आहे. दोष कायम राहिला तर गच्चीवर जाण्याचे कारण उरत नाही. माझ्याकडे डमी लोडवरही ४० मीटरवर ट्रिप तसाच होता.

येथे एक गैरसमज दूर करावा. मध्ये ॲम्प असताना रेडिओचा एसडब्ल्यूआर मीटर (किती शक्ती परत येते ते दाखवणारा) अँटेनाची स्थिती सांगत नाही. तो फक्त ॲम्पचे इनपुट रेडिओला कसे दिसते एवढेच सांगतो. रेडिओवर एकही रेघ नसताना ॲम्पच्या बाहेरच्या बाजूस एसडब्ल्यूआर ३ असू शकतो. म्हणून मीटर ॲम्प आणि अँटेना यांच्या मध्ये हवा.

पीटीटी आणि रिलेची टकटक

‘टक-टक’ ऐकून दुसरा संशय पीटीटीवर गेला. अनेक छोटे ॲम्प आरएफचा सुगावा लागताच स्वतःच ट्रान्समिटवर जातात. एफएमला हे चालून जाते, कारण तिथे सिग्नल अखंड असतो. एसएसबीमध्ये (या बँडवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) मात्र दोन शब्दांच्या मधल्या शांततेत आरएफच नसतो, त्यामुळे रिले प्रत्येक श्वासाला पडतो आणि पुढच्या शब्दाला पुन्हा उचलतो. प्रत्येक वेळी तो आरएफ वाहत असतानाच संपर्क बदलतो, संपर्कांवर ठिणगी पडते आणि शब्दाचे पहिले अक्षर कापले जाते. ॲम्पवर विलंबाची सोय असेल तर तो वाढवून हे झाकता येते. खरा उपाय मात्र पीटीटीची वायर जोडणे हाच.

माझ्याकडे ती वायर होती आणि मुख्य रिले स्थिर होता, हे झाकण उघडून, रिलेवर बोट ठेवून पाहिले. (बोट प्लास्टिकच्या कवचावर, उघड्या आरएफवर बोट ठेवल्यास ५० वॅटलाही चटका बसतो आणि तो बरा व्हायला वेळ लागतो.) टकटक करत होते ते फिल्टरचे रिले. हे मला त्याच दिवशी दिसले होते, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

ड्राइव्ह कमी केला आणि फसलो

तिसरा संशय जास्त ड्राइव्हवर, म्हणजे रेडिओ ॲम्पला देत असलेल्या शक्तीवर. रेडिओची शक्ती २.५ वॅटवर आणली आणि ट्रिप बराच कमी झाला. जितं मया म्हणून मी तो विषय तिथेच संपवला. दोनच दिवसांत सकाळच्या गप्पांच्या वेळी ॲम्प पुन्हा पडला.

ड्राइव्हचा दोष खराही असतो. काही ॲम्प २ ते ३ वॅटमध्येच पूर्ण भरतात, आणि रेडिओची शक्ती सेटिंगमधून कमी केली तरी बोलण्याच्या आरंभी क्षणभर पूर्ण शक्तीचा झटका बाहेर पडू शकतो, कारण एएलसीला (शक्ती आपोआप आवरणाऱ्या सर्किटला) सावरायला थोडा वेळ लागतो. तो झटका ॲम्पच्या मॉस्फेटला (शक्ती देणाऱ्या ट्रान्झिस्टरला) उडवायला पुरतो. अशा ॲम्पसाठी सेटिंगवर विसंबू नये. मध्ये ३ डेसिबलचा ॲटेन्युएटर लावावा. दोन्ही टोकांना ग्राउंडशी जोडलेला ३०० ओहमचा एकेक आणि मध्ये १८ ओहमचा असे तीन रेझिस्टर पुरतात. ५ वॅटला मधल्या रेझिस्टरमध्ये सव्वा वॅटच्या आसपास आणि रेडिओकडच्या रेझिस्टरमध्ये पाऊण वॅटपेक्षा थोडी जास्त उष्णता होते, म्हणून २ वॅटचे घ्यावेत, आणि ते तारेच्या गुंडाळीचे नसावेत. हा ॲटेन्युएटर ऐकण्याच्या वाटेतही राहतो, पण ३ डेसिबल म्हणजे एस-मीटरचे (येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचे) अर्धे घर. ४० मीटरवरच्या गोंगाटात तेवढे जाणवत नाही.

माझा दोष मात्र हा नव्हता. शक्ती निम्मी केल्याने ट्रिप कमी झाला, कारण ॲम्पचा करंट कमी झाला. करंट निम्मा होत नाही, साधारण सात दशांश उरतो. म्हणूनच दोष कमी झाला पण गेला नाही. एखादी गोष्ट कमी केल्यावर दोष विरळ होणे आणि नाहीसा होणे यांत फरक आहे, आणि विरळ झालेला दोष शोधायला जास्त अवघड असतो.

वीज

५० वॅट बाहेर देणारा ॲम्प निम्म्या कार्यक्षमतेने चालला तर १०० वॅट आत घेतो, म्हणजे १३.८ व्होल्टला ७ ते ८ ॲम्पियर. सप्लायच्या टोकाला १३.८ आहेत की नाहीत हे पाहून भागत नाही. बोलत असताना ॲम्पच्या टर्मिनलवर किती उरतात ते पाहावे. माझ्याकडे १२.९ उरत होते. जवळपास एक व्होल्ट वाटेतच जात होता, आणि दीड मीटरच्या १ चौरस मिलिमीटर वायरीच्या हिशोबाने तो जास्तीत जास्त ०.४ जायला हवा होता. ही तफावत मी वहीत लिहिली आणि ‘वायर जाड करणे’ एवढी नोंद करून पुढे गेलो. खरा धागा तोच होता.

कोणते बँड पडतात, कोणते नाहीत

गाडी पुढे सरकली ती चार बँड एका बैठकीत डमी लोडवर तपासल्यावर. ४० मीटरवर ट्रिप. २० वर ठीक. १७ वर ट्रिप. १५ वर ठीक. अँटेना, ड्राइव्ह, वीज किंवा उष्णता यांपैकी कोणतेही कारण असे एकाआड एक वागत नाही.

एफटी-८१७ बँडची माहिती आकड्यांच्या संकेतात देत नाही. एका पिनवर प्रत्येक बँडसाठी वेगळा व्होल्टेज ठेवते आणि पायरी साधारण ०.३३ व्होल्टची असते. १.८ मेगाहर्ट्झला ०.३३, ३.५ ला ०.६७, ७ ला १.००, १० ला १.३३, १४ ला १.६७, १८ ला २.००, २१ ला २.३३, आणि तसेच पुढे. ॲम्पमधला मायक्रोकंट्रोलर हा व्होल्टेज वाचून दोन पायऱ्यांच्या मध्यावर सीमा धरतो. याचा अर्थ ०.१७ व्होल्टची चूक झाली तर तो शेजारचा बँड समजतो.

आता फिल्टर पाहू. माझ्या ॲम्पमध्ये ८० मीटरचा फिल्टर वेगळा, ४० चा वेगळा, ३० आणि २० मिळून एक, १७ आणि १५ मिळून एक. वाचलेला व्होल्टेज एक पायरी खाली घसरला तर २० मीटरला ॲम्प ३० समजेल, पण फिल्टर तोच राहील. १५ ला १७ समजेल, तरी फिल्टर तोच. ४० ला मात्र ८० समजेल आणि १७ ला २०. या दोन्ही ठिकाणी ॲम्प स्वतःच्या मुळावर येणारा फिल्टर निवडतो, कारण ८० मीटरचा लो-पास फिल्टर ७ मेगाहर्ट्झ अडवतो. ट्रान्झिस्टरला समोर भिंत दिसते आणि संरक्षण ट्रिप करते. जे दोन बँड पडत होते तेच हे दोन. वहीतले कोष्टक आणि हा हिशोब एकमेकांवर तंतोतंत बसले, आणि त्या संध्याकाळी जेवण गार झाले.

खात्रीसाठी ॲम्पवरचा बँड हाताने ४० वर ठेवला, म्हणजे व्होल्टेज वाचण्याचा प्रश्नच मिटला. पूर्ण ५० वॅटवर एकदाही ट्रिप झाला नाही. ट्रिपनंतर डिस्प्ले पाहावा तर नेहमी ‘४०’च दिसे, कारण ट्रिप झाला की करंट शून्य होतो आणि वाचन पुन्हा बरोबर येते. फोनवर मंदगतीने चित्रण केल्यावर ट्रिपच्या आधी क्षणभर ‘८०’ चमकलेले दिसले.

शून्य नेमके कुठे

व्होल्टेज पाठवणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा शून्य एकच असेल तरच वाचन बरोबर येते. बँड हाताने ४० वर ठेवून, डमी लोडवर तीन-चार सेकंद कॅरिअर (आवाजाविना अखंड सिग्नल) देऊन, रेडिओच्या मागच्या ग्राउंड स्क्रूपासून ॲम्पच्या धातूच्या डब्यापर्यंत मल्टिमीटर लावला. आरएफमुळे मल्टिमीटर भलतेच दाखवतो, म्हणून प्रोबच्या टोकांवर १० नॅनोफॅरडचा डिस्क कपॅसिटर लावून घेतला. वाचन आले ०.२४ व्होल्ट, ॲम्पचा डबा वर. म्हणजे रेडिओ १.०० पाठवत होता आणि ॲम्पला ०.७६ मिळत होते. ८० आणि ४० मधली सीमा ०.८३ ला आहे.

हा फरक आला कुठून? ॲम्पचा करंट निगेटिव्ह वायरीतून सप्लायला परतायला हवा. तिचा लग (टोकाचा धातूचा कान) ढिला होता आणि त्यावर काळसर थर चढला होता, त्यामुळे त्या वाटेत सुमारे ०.४ व्होल्ट पडत होते. करंटने दुसरी वाट शोधली: ॲम्पमधून रेडिओकडे आणि रेडिओच्या निगेटिव्ह वायरीतून सप्लायला. ही दुसरी वाट कोॲक्सच्या जाळीतून गेली असती तर फरक शेपन्नास मिलिव्होल्टच पडला असता आणि मला काही कळलेही नसते. पण त्या अर्ध्या मीटरच्या कोॲक्सच्या एका बीएनसी कनेक्टरचा क्रिम्प (दाबून केलेला जोड) सैल होता. मल्टिमीटरचे प्रोब एकमेकींना टेकवले तर ०.२ ओहम दाखवत होते, जाळीच्या दोन टोकांना लावले तर ०.६, आणि कनेक्टर हलवला की आकडा नाचत होता. मग उरली नियंत्रण केबलची केसासारखी ग्राउंड वायर. तिच्यातून अंदाजे ३ ॲम्पियर जात होते. केबल हाताला कोमट लागत होती; ते मी उन्हाळ्यावर ढकलले होते.

हा नुसता बँड चुकण्याचा प्रश्न नाही. लग पूर्ण तुटला असता तर सगळे ८ ॲम्पियर त्या केसातून आणि रेडिओच्या आतल्या बारीक ट्रॅकमधून गेले असते. म्हणूनच ॲम्पच्या निगेटिव्ह वायरीत फ्यूज घालण्याच्या मी विरोधात आहे, निदान टेबलावरच्या किंवा डोंगरावरच्या बॅटरीसाठी तरी. तो फ्यूज उडाला की ॲम्प बंद पडत नाही. तो रेडिओतून परतीची वाट काढतो. फ्यूज पॉझिटिव्हमध्ये, बॅटरीजवळ असावा.

हाच दोष असल्याची एक सोपी चाचणी आहे: रेडिओला पूर्ण वेगळी बॅटरी द्यावी. मग रेडिओतून सप्लायला परतण्याची वाटच उरत नाही आणि दोष जागच्या जागी थांबतो. मात्र एफटी-८१७ च्या आतल्या बॅटरीवर ही चाचणी करताना सावध राहावे, कारण बाहेरची वीज काढली की रेडिओ आपोआप २.५ वॅटवर येतो. दोष गेला तो वाट तुटल्यामुळे की ड्राइव्ह कमी झाल्यामुळे, हे मग कळत नाही. मी आधी एकदा ही चाचणी अशीच केली होती, आणि जास्त ड्राइव्हचा ग्रह त्यानेच पक्का झाला होता. बाहेरून जोडलेली १२ व्होल्ट, ७ ॲम्पियर-तासांची छोटी बॅटरी आणि रेडिओवर पूर्ण ५ वॅट, अशी चाचणी करावी.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. ॲम्पला २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन्ही वायरी, नवे क्रिम्प केलेले लग आणि दातेरी वॉशर. कोॲक्सला नवा बीएनसी. रेडिओच्या ग्राउंड स्क्रूपासून ॲम्पच्या डब्यापर्यंत जाळीची आखूड पट्टी. ही पट्टी निगेटिव्ह वायरीचा पर्याय नाही, म्हणून ती सगळ्यात शेवटी, वायरी आणि कोॲक्स दुरुस्त करून मोजल्यावरच लावावी. आधी लावली तर ती दोष झाकून टाकते. आता पूर्ण शक्तीवर दोन डब्यांमधला फरक ०.०२ व्होल्टच्या वर जात नाही.

डमी लोडवर दोष गेला असेल तर

तेव्हा बहुधा आरएफ परत येत असतो. ५ वॅटवर निमूट चालणारी एंड-फेड वायर (एका टोकाला जोडलेली अँटेना) ५० वॅटवर त्रास देऊ लागते, कारण शक्ती दहापट झाली की केबलच्या बाहेरून वाहणारा करंट सुमारे तिप्पट होतो. आवाज फाटतो, पीटीटी सोडली तरी ॲम्प ट्रान्समिटवरच अडकून राहतो, लॅपटॉपचा यूएसबी तुटतो. केबल ४३ किंवा ३१ मिश्रणाच्या मोठ्या फेराइट रिंगवर दहा-बारा वेढे घेऊन मग ॲम्पकडे आणावी, काउंटरपॉइझ (अँटेनाची परतीची वायर) द्यावा, आणि पीटीटीच्या वायरीवर ॲम्पच्या आत १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला लावावा.

ट्यूनर कुठे आहे तेही पाहावे. कमी शक्तीसाठी बनवलेला ट्यूनर ॲम्पच्या पुढे अँटेनाकडे लावला तर तो जळतो, आणि मागे लावला तर ॲम्पला अँटेनाचा बिघडलेला एसडब्ल्यूआर जसाच्या तसा दिसतो. ५० वॅट सोसणारा ट्यूनर ॲम्पच्या पुढे, आणि ट्यून करताना ॲम्प बायपासवर, हाच क्रम ठेवावा.

एफटी८ (संगणकाने संदेश पाठवण्याची पद्धत) चालवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. प्रत्येक फेरीत १२.६४ सेकंद अखंड कॅरिअर जातो, म्हणून ५० वॅटचा छोटा ॲम्प २५ वरच चालवावा. ऐकणाऱ्याला सिग्नल एस-मीटरवर अर्धेच घर कमी दिसेल. दुसरे असे की एफटी-८१७ वर संगणकाचे नियंत्रण आणि बँडचा व्होल्टेज एकाच सॉकेटमधून येतात, त्यामुळे दोन फाट्यांची केबल करावी लागते आणि लॅपटॉपच्या चार्जरमार्गे ग्राउंडला आणखी एक वाट मिळते. माझी नवी केबल जोडल्यावर दोन डब्यांमधला फरक पुन्हा ०.०९ वर गेला होता. फाट्यामधला ग्राउंडचा सांधा नीट सोल्डर झालेला नव्हता. तो पुन्हा सोल्डर केल्यावर आकडा खाली आला.